बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधून स्कापा फ्लोला

तासगावात राहून थंड समुद्राच्या तळाशी पडलेल्या जहाजावर डाइव्ह करायची तयारी कशी करतोस, असं बरेच जण विचारतात. टेक्निकल डाइव्हिंगचा (म्हणजे नेहमीच्या मर्यादेपेक्षा खोल, वर येताना थांबे घेत करायच्या डाइव्हिंगचा) कोर्स आणि चांगला प्रशिक्षक हे लागतंच, ते नसेल तर पुढचं वाचून उपयोग नाही. मी सांगतोय ते कोर्सनंतरचं, घरचं.

मला जायचं होतं स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमधल्या स्कापा फ्लो या खाडीला. पहिल्या महायुद्धानंतर तिथे अडकवून ठेवलेलं जर्मन आरमार त्यांच्याच अ‍ॅडमिरलने २१ जून १९१९ रोजी बुडवलं. ७४ पैकी ५२ जहाजं तळाला गेली. बरीचशी पुढे भंगारात निघाली, पण ‘मार्कग्राफ’ ही युद्धनौका अजून सुमारे ४५ मीटरवर उलटी पडलेली आहे.

पहिल्या वेळी मी तिला हातसुद्धा लावला नाही. वीस मीटरवरच बोटं बधिर झाली आणि जाड हातमोज्यातून बोल्ट स्नॅपची (सामान अंगाला अडकवायच्या हुकाची) कळ दाबता येईना. जोडीदाराला अंगठा वर करून दाखवला. (आपल्याकडे याचा अर्थ ‘झकास’, पाण्याखाली ‘वर चला’.) एवढा खर्च करून गेलेलो, एका कळीसाठी परत फिरलो.

आल्यावर ओळखीच्या बेदाणा कोल्ड स्टोरेजमध्ये परवानगी काढली. आत चार-पाच अंश. ओले हातमोजे घालून वीस मिनिटं उभं राहायचं, मग न बघता स्नॅप लावायचा-काढायचा, डोक्यामागे हात नेऊन सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद-चालू करायचे. थंडीत रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र) गोठून हवा भसाभसा सुटू लागली तर हेच करावं लागतं. व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नसेल तर ते इथेच कळलेलं बरं. हमाल हसतात, हसू द्या.

दोर धरून बाहेर यायचा सराव द्राक्षबागेत. जहाजाच्या आत पायाच्या एका फटकाऱ्याने गाळ उठतो आणि स्वतःचा हात दिसत नाही. मग सोबत आणलेला दोरच बाहेरची वाट. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग उघडी असते, तेव्हा मांडवाच्या खांबांना वळसे देत रीलचा (डाइव्हिंगच्या फिरकीचा) दोर गुडघ्याएवढ्या उंचीवर ताणा. डोळ्यांवर टॉवेल बांधा. अंगठा आणि पहिलं बोट यांचं कडं करून दोर त्यात सैल ठेवा, ओढायचा नाही. दुसरा हात तोंडासमोर. खांब आला की पहिला हात तिथेच ठेवून दुसऱ्याने पलीकडचा दोर शोधायचा. तो सापडल्याशिवाय पहिला सोडायचा नाही. माझी सगळी चूक या एका जागी व्हायची. काकू बांधावरून ओरडली, “काय रं, आंधळी कोशिंबीर खेळतोयस व्हय?”

गॅसचा हिशेब वहीत, हाताने करा. १२ लिटरचे दोन सिलिंडर २०० बार दाबाला भरले की ४८०० लिटर. पृष्ठभागावर तुम्ही मिनिटाला २० लिटर घेत असाल, तर ४५ मीटरवर दाब साडेपाच पट, म्हणजे ११० लिटर. एक तृतीयांश जायला, एक यायला, एक अडचणीसाठी. जायच्या वाट्याला १६०० लिटर, म्हणजे जेमतेम साडेचौदा मिनिटं, उतरण्याचा वेळ धरून. वर येताना अंगात मुरलेला वायू हळूहळू निघावा म्हणून मध्ये थांबे घ्यावे लागतात, त्यासाठी ५० टक्के ऑक्सिजनचा सिलिंडर वेगळा. तो २१ मीटरच्या खाली तोंडात घेतला तर झटके येऊ शकतात, म्हणून त्यावर ‘२१’ लांबून दिसेल एवढं मोठं लिहा. खोलीवर नायट्रोजनमुळे येणारी नशा कमी करायला मिश्रणात हेलियम घालतात, पण ते ड्राय सूटमध्ये (अंग कोरडं ठेवणाऱ्या, आत वायू भरायच्या पोशाखात) भरू नका. अंगाची ऊब ओढून घेतं. सूटला साध्या हवेचा छोटा सिलिंडर लावा.

अंगावर सगळं लादून पाण्यातला सराव मी मालवणला करतो. तिथून त्याच दिवशी आंबोली घाटाने घर गाठायचं नाही. घाट चढला की हवेचा दाब कमी होतो आणि अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात, विमानात बसल्यासारखंच. थांबे घ्यावे लागणारी डाइव्ह असेल तर मी पुरते २४ तास खालीच काढतो. जास्तीच्या मुक्कामावरून घरी कुरकुर होते, म्हणून येताना सुके बांगडे आणतो.