दम्याचा पंप: औषध घशात नको, फुप्फुसात पोचवा

पंप घेऊन आरशासमोर उभे राहा आणि रोजच्यासारखा एक पफ घ्या. ओठांच्या कडेने किंवा नाकातून पांढरा धूर निघताना दिसला, तर तेवढे औषध वाया गेले. ‘पंपाने मला काही फरक पडत नाही’ असे म्हणणाऱ्या पुष्कळांची गोम इथेच असते.

आधी हातात कोणता पंप आहे ते बघा. दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते, चिकट कफ साचतो आणि भोवतालचे स्नायू आवळले जातात. साल्ब्युटामॉलचा पंप हे आवळलेले स्नायू पाच-दहा मिनिटांत सैल करतो, पण सूज तशीच राहते. सूज उतरवते ते ब्युडेसोनाइड किंवा फ्ल्युटिकासोनसारखे स्टेरॉइड औषध. ते रोज घ्यायचे असते आणि त्याचा पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात. लगेच बरे वाटत नाही म्हणून लोक नेमके तेच सोडतात आणि साल्ब्युटामॉलवर दिवस काढतात. फॉर्मोटेरॉल आणि ब्युडेसोनाइड एकत्र असलेला पंप काहींना दोन्ही कामांसाठी दिलेला असतो. पंपाच्या रंगावर जाऊ नका, डब्यावरचे नाव वाचा.

‘पंपाची सवय लागते, त्यापेक्षा गोळी बरी’ हे घरोघरी ऐकू येते. हिशेब करून बघा. साल्ब्युटामॉलच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम औषध असते आणि ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीत ४० पफइतके. ते पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळ्या अंगभर जाते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते.

स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची प्लॅस्टिकची पोकळ नळी) लावून पंप घेण्याची पद्धत:

१. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर हलवून आधी दोन-चार पफ हवेत सोडा. नेमका आकडा सोबतच्या पत्रकात असतो.
२. टोपण काढा, आत कचरा नाही ना ते पाहा. पंप चार-पाच वेळा जोरात हलवून स्पेसरला उभा लावा.
३. ताठ बसा. श्वास पूर्ण बाहेर सोडा, पण स्पेसरमध्ये नाही.
४. स्पेसरचे तोंड दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटा.
५. पंप एकदाच दाबा आणि लगेच सावकाश, खोल श्वास घ्या. तीन-चार सेकंद लागले पाहिजेत. काही स्पेसर घाईने ओढले की शिट्टी वाजवतात. वाजली तर वेग कमी करा.
६. दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखा.
७. दुसरा पफ हवा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून.

दोन पफ एकदम दाबू नका. कण एकमेकांना आणि भिंतीला चिकटतात. लहान मुलाला किंवा श्वास रोखता न येणाऱ्याला एका पफमागे पाच-सहा साधे श्वास घेऊ द्या. पाच वर्षांखालच्या बहुतेक मुलांना मास्क लागतो, आणि तो नाक-तोंडावर घट्ट बसायला हवा. रडणाऱ्या मुलाच्या तोंडाशी लांबून धरलेल्या मास्कमधून औषध जवळजवळ जातच नाही.

स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते, आवाज बसतो. स्पेसर महिन्यातून एकदा भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढा आणि आपोआप वाळू द्या. फडक्याने पुसलात तर प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतच चिकटून बसते.

पावडरची कॅप्सूल घालून ओढायचा पंप असेल तर उलटे करायचे: श्वास जोरात आणि खोल ओढायचा, कारण पावडर उडवायला तुमचाच जोर लागतो. कॅप्सूल गिळायची नाही. ओढल्यावर उघडून बघा, पावडर उरली असेल तर पुन्हा ओढा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, कॅप्सूल घ्यायच्या क्षणीच पाकिटातून काढा; दमट हवेत पावडरीच्या गुठळ्या होतात.

औषध नीट जात असूनही त्रास होत असेल तर घरात बघा. मिरचीची फोडणी, चुलीचा धूर, उदबत्ती, डासांची कॉइल, भिंतीची ओल, झुरळे, जुन्या गाद्यांतली धूळ. सगळ्यांना सगळ्याचाच त्रास होत नाही, म्हणून कशानंतर खोकला सुरू होतो ते दोन आठवडे लिहून काढा. काहींना आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिनने दमा उसळतो. हे मेडिकलवाल्याला आठवणीने सांगा.

मागच्या चार आठवड्यांत आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त धाप लागली किंवा तात्पुरत्या आरामाचा पंप लागला, रात्री दम्याने जाग आली, किंवा जिना चढणे टाळावे लागले, तर दमा आटोक्यात नाही. वर्षात साल्ब्युटामॉलचे तीन पंप संपले तरी डॉक्टरांकडे जा.

अटॅक आला तर आडवे पडू नका. ताठ बसा, कपडे सैल करा. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर साल्ब्युटामॉलचा एकेक पफ स्पेसरमधून, असे चार पफ घ्या. चार मिनिटे थांबा. आराम नसेल तर पुन्हा चार. तरीही उतार नाही, एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, यातले काहीही असेल तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत पफ देत राहा. छातीतली घरघर अचानक थांबली आणि माणूस गळून गेला, तर ते बरे होण्याचे लक्षण समजू नका. आत हवाच जात नसते.

अशा वेळी स्पेसर नसेल तर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या कोरड्या बाटलीच्या बुडाला पंपाचे तोंड घट्ट बसेल एवढे भोक पाडा आणि बाटलीच्या तोंडाने श्वास घ्या. दक्षिण आफ्रिकेत मुलांवर हे तपासून पाहिले गेले आहे आणि ते चालते.

पंप संपला का हे पाण्यात तरंगवून कळत नाही, आणि हलवल्यावर खळखळला म्हणजे औषध उरले आहे असेही नाही. शेवटी नुसता वायू निघत राहतो. आकडा दाखवणारा पंप नसेल तर हिशेब सोपा आहे: २०० पफ, रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन, म्हणजे ५० दिवस. उघडल्या दिवशीच डब्यावर पेनाने संपण्याची तारीख लिहा आणि नवा पंप त्याच्या आठवडाभर आधी आणून ठेवा.