पावसात कुजलेलं अडेनियम असं वाचवलं
अडेनियम हे जाड बुंध्याचं फुलझाड मूळचं आफ्रिका-अरबस्तानच्या कोरड्या पट्ट्यातलं, आणि आमच्या खानापुरात पावसाची संततधार. श्रावणात बुंधा दाबला तर मऊ लागला. लगेच उपटलं. आतला गर पांढरा, घट्ट लागेपर्यंत कुजलेला भाग कापत गेले. तपकिरी ठिपका एकही ठेवू नका, कुज तिथूनच पुन्हा पसरते. दर कापाला सुरी स्पिरिटने पुसली. चीक विषारी असतो, आफ्रिकेत तो शिकारीच्या बाणांना लावत, तेव्हा हातमोजे हवेतच. कापांवर बुरशीनाशक पावडर लावून झाड पडवीत टांगलं, काप खडखडीत वाळेपर्यंत. ही घाई करण्याची जागा नव्हे! मग जाड वाळू, विटांचे तुकडे, थोडं शेणखत. पाणी नवी पालवी दिसल्यावरच. फाल्गुनात गुलाबी फुलांनी भरलं. आता जून लागला की कुंडी पत्र्याखाली घेते.