वरच्या वातावरणात कोणते वायू आहेत ते कसं ओळखायचं

आधी उंची ठरवा, कारण साधारण 100 किमीपर्यंत हवा ढवळली जाते आणि नायट्रोजन 78 टक्के, ऑक्सिजन 21 टक्के हे प्रमाण जवळपास तसंच राहतं, पण त्याच्या वर जड वायू खाली आणि हलके वर असं व्हायला लागतं. बलून 40 किमीच्या आसपास थांबतो, म्हणून पुढे रॉकेटमधून मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे कणांना वस्तुमानानुसार वेगळं करून मोजणारं यंत्र, पाठवायचा. वस्तुमान 28 वर नायट्रोजन दिसतो, 32 वर ऑक्सिजनचा रेणू, 16 वर ऑक्सिजनचा सुटा अणू.

खरी मेहनत इथेच आहे बरं का. 200 किमीच्या वर हा सुटा अणूच सगळ्यात जास्त असतो, पण यंत्राच्या भिंतीवर आपटला की दुसऱ्या अणूला चिकटतो आणि 32 मध्ये जाऊन बसतो, त्यामुळे नुसता 16 चा आकडा बघून निष्कर्ष काढू नका, दोन्ही मिळून हिशोब करा. 18 आला तर जपून, रॉकेटमधूनच पाण्याची वाफ सुटत असते.

रॉकेट नसेल तर अंधाऱ्या जागेवरून स्पेक्ट्रोग्राफ, म्हणजे प्रकाश रंगांनुसार वेगळा करून नोंदवणारं यंत्र, आकाशाकडे लावा: ऑक्सिजन अणूची हिरवी रेषा 557.7 नॅनोमीटरवर मिळते, ती मुख्यतः 95 किमीच्या आसपासची, आणि 630 ची लाल रेषा 250 किमीच्या आसपासची.