एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स? मग या चुका टाळा

ड्युअल बूट केलेला, म्हणजे विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकलेला लॅपटॉप कुणी बिघडला म्हणून आणला की मी आधी एकच विचारतो: शेवटचा बंद केला तेव्हा विंडोजमध्ये होता की लिनक्समध्ये? निम्मं निदान तिथंच होतं. दोन्ही सिस्टिम एका वेळी कधीच चालत नाहीत, पण घड्याळ, डिस्क, वायफाय कार्ड आणि मदरबोर्डमधली बूटची यादी दोघींना मिळून एकच असते. एकीनं जाताना या गोष्टी जशा सोडल्या, तशाच त्या दुसरीच्या हातात पडतात. सांगली-मिरजेत इंजिनिअरिंगची पोरं भरपूर. कॉलेजात लिनक्स लागतं म्हणून घरच्या लॅपटॉपची वाटणी होते. नव्या माणसाच्या चुका व्हायच्याच, पण वर्षानुवर्षं त्याच चुका आणि त्यातून तेच नुकसान बघवत नाही, म्हणून हे लिहितोय.

फास्ट स्टार्टअप चालू ठेवणं

सगळ्यात जास्त डेटा मी या एका चुकीपायी गेलेला पाहिलाय. विंडोज ८ पासून आलेल्या या फास्ट स्टार्टअपमुळं ‘शट डाउन’ दाबलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण आतला गाभा जसाच्या तसा हायबरफिल नावाच्या फाइलमध्ये साठवला जातो आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलला जातो. म्हणून विंडोज झटकन सुरू होतं. डी ड्राइव्हवर कुठली फाइल कुठं आहे याचा हिशेबही त्या साठवणीत असतो. मध्येच लिनक्समध्ये जाऊन त्या ड्राइव्हवर काही लिहिलं, तर परत आलेल्या विंडोजला त्याचा पत्ताच नसतो. ते आपल्या जुन्या हिशेबानं पुढं लिहीत सुटतं.

मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत्याचा लॅपटॉप असाच माझ्याकडं आला होता. ऐन सौद्यांचे दिवस, राजापुरी हळदीची आवक जोरात, आणि पट्ट्यांच्या, म्हणजे मालाच्या हिशेबाच्या पावत्यांच्या, सगळ्या एक्सेल फायली डी ड्राइव्हवर. मुलगा दुसऱ्या वर्षाला. त्यानं त्याच लॅपटॉपवर उबुंटू हे लिनक्स टाकलं. रात्री प्रोजेक्ट डी ड्राइव्हवर कॉपी करायला गेला तर लिनक्सनं ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडला आणि ‘ड्राइव्ह सुरक्षित अवस्थेत नाही, विंडोज नीट बंद करा’ अशा अर्थाचा मेसेज दिला. मेसेज अगदी बरोबर होता. पोरानं तो वाचायच्या ऐवजी एक व्हिडिओ शोधला, त्यात सांगितलेली एनटीएफएसफिक्स ही कमांड मारली आणि ड्राइव्ह लिहिण्यासाठी उघडला. काम झालं म्हणून झोपला. सकाळी वडिलांनी दुकानात विंडोज सुरू केलं आणि दिवसभर पट्ट्या केल्या. दुसऱ्या दिवशी चालू करताच काळ्या स्क्रीनवर डिस्क तपासणी सुरू झाली, आणि ती संपल्यावर ड्राइव्हवर ‘फाउंड.०००’ नावाचं एक फोल्डर उरलं. आत नुसत्या आकड्यांच्या नावाच्या ‘चेक’ (.CHK) फायली. गिऱ्हाइकांची नावं नाहीत, तारखा नाहीत.

“सर, पोरगं म्हणतंय मी काय डिलीट केलं न्हाई. मग फायली गेल्या कुठं?”

पोरगं खरंच बोलत होतं. डिलीट कुणीच केलं नव्हतं. ज्या जागेवर लिनक्सनं प्रोजेक्ट लिहिला, तीच जागा विंडोजच्या हिशेबात मोकळी होती. एकेक चेक फाइल उघडून, ती एक्सेलची आहे का ते ओळखून, आतली नावं बघून आम्ही जमेल तेवढं परत मिळवलं. उरलेलं त्यांच्या दिवाणजींनी कच्च्या वहीवरून पुन्हा भरलं. वही नसती तर तेवढा व्यवहार कायमचा गेला असता.

एनटीएफएसफिक्स ही विंडोजच्या चेकडिस्कची, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करणाऱ्या प्रोग्रॅमची, लिनक्समधली जोडी नाही. ती थोड्याच गोष्टी दुरुस्त करते, ड्राइव्हचं जर्नल (बदलांची नोंदवही) रिकामं करते आणि खरी तपासणी पुढच्या वेळी विंडोजनं करावी अशी खूण ठेवते. तिच्या स्वतःच्या माहितीपानावरच हे लिहिलंय. पण व्हिडिओ बघणाऱ्याला पान वाचायला वेळ नसतो.

ड्राइव्ह नुसता वाचण्यापुरता उघडला, तर सरळ विंडोजमध्ये परत जा. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, तिथं पॉवर बटणांचं सेटिंग, आणि ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा. मग शट डाउन नको, रीस्टार्ट करा, कारण रीस्टार्टला विंडोज खरोखर पूर्ण बंद होतं. माझी स्वतःची सवय अशी की विंडोजमधून लिनक्सला जायचं तर नेहमी रीस्टार्टच, आणि विंडोजचे ड्राइव्ह लिनक्समध्ये कायम फक्त वाचण्यापुरते जोडायचे. फाइल न्यायची तर पेनड्राइव्ह आहे. थोडा वेळ जातो, जाऊ दे. विंडोजचा मोठा अपडेट झाला की ती खूण परत आली आहे का, हेही बघतो. लिनक्समध्ये वायफाय किंवा लॅन कार्ड मधूनच गायब होत असेल तर ड्रायव्हर शोधण्याआधी हेच सेटिंग तपासा. अर्धवट झोपवलेलं कार्ड लिनक्सला बऱ्याचदा उठवता येत नाही.

घड्याळ चुकलं म्हणून सेल बदलणं

सकाळचे दहा वाजलेत, पण विंडोज साडेचार दाखवतंय. दुकानदार सांगतो, मदरबोर्डचा सेल गेला. सीआर २०३२ सेल बदलला जातो, पैसे जातात, आणि लिनक्स लावून परत विंडोज लावलं की पुन्हा साडेचार.

फरक बघा ना किती आहे तो. सेल संपला असता तर तारीख काही वर्षं मागं गेली असती आणि बायोसची, म्हणजे मदरबोर्डमधल्या मूळ प्रोग्रॅमची, सेटिंगही बहुधा उडाली असती. बरोबर साडेपाच तासांचा फरक म्हणजे भारतीय वेळ आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) यांच्यातला फरक. मदरबोर्डच्या घड्याळात विंडोज इथली वेळ ठेवतं, लिनक्स यूटीसी ठेवतं. लिनक्सनं ठेवलेली वेळ विंडोजनं इथली समजून वाचली की साडेपाच तास मागं, उलट झालं की पुढं. इंटरनेट मिळालं की वेळ सुधारते, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. दुर्लक्ष करू नका. फक्त नवीन फाइल कॉपी करणारा बॅकअप वेळेचा शिक्का बघूनच ठरवतो. साडेपाच तास पुढं गेलेल्या घड्याळावर सेव्ह केलेली जुनी फाइल त्याला नवी वाटते, आणि त्यानंतर सुधारलेली फाइल तो वगळतो. प्रोजेक्टच्या आदल्या रात्री असं झालेलं मी पाहिलंय.

उपाय दोन आहेत. लिनक्सच्या टाइमडेटसीटीएल कमांडमध्ये ‘सेट लोकल आरटीसी’ला १ देऊन लिनक्सला इथली वेळ पाळायला लावा, नाहीतर विंडोजच्या रजिस्ट्रीत (आतल्या सेटिंगच्या यादीत) टाइमझोन इन्फर्मेशनखाली ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ची किंमत १ करा. लिनक्सची जाणती मंडळी दुसरा उपाय सुचवतात, आणि पहिला केला की लिनक्स स्वतःच इशारा देतं. जिथं उन्हाळ्या-हिवाळ्याला घड्याळं पुढंमागं करतात तिथं तो इशारा मोलाचा आहे. आपल्याकडं तसं काही नाही, त्यामुळं घरातली बाकीची माणसं वापरतात त्या विंडोजला हात न लावता मी लिनक्सच बदलतो. मात्र दोन्ही उपाय एकदम करू नका. उतावळी पोरं एक करून बघतात, लगेच फरक दिसला नाही की दुसराही करतात, आणि मग लिनक्स इथली वेळ ठेवतं, विंडोज ती यूटीसी समजतं. फरक पुन्हा साडेपाच तासांचाच, फक्त उलट्या बाजूला.

बायोसमध्ये अंदाजानं सेटिंग फिरवणं

लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, म्हणून बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) रेड किंवा आरएसटीवरून एएचसीआय केला जातो. ११व्या पिढीपासूनच्या इंटेल प्रोसेसरवर व्हीएमडी हे डिस्कचंच सेटिंग बंद केलं जातं. डिस्क दिसते, पण विंडोज निळ्या स्क्रीनवर ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणतं. इथं घाबरून विंडोज फॉरमॅट मारणारे लोक आहेत. अरे, सेटिंग जुन्यावर आणा, विंडोज जसंच्या तसं चालू होईल. मग विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून बूटच्या टॅबमध्ये ‘सेफ बूट’ला खूण करा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये एएचसीआय करा, एकदा सेफ मोडमध्ये विंडोज येऊ द्या, नवा ड्रायव्हर ते आपोआप घेतं. नंतर खूण काढा. अकाउंटचा खरा पासवर्ड हाताशी ठेवा, नुसत्या पिनवर विसंबू नका.

पण यातल्या कशालाही हात लावण्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागलेलं विंडोजचं कुलूप, तपासा. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं साइन इन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर डिस्कचं एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, आणि घरच्यांना ते माहीतही नसतं. सिक्युअर बूट (सही असलेलीच सिस्टिम सुरू होऊ देणारं सेटिंग) किंवा टीपीएम (किल्ल्या जपणारी चिप) हलवलं की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ज्या अकाउंटवर ती आहे त्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही, असे लॅपटॉप येतात तेव्हा माझ्याही हातात काही नसतं. आधी की कागदावर उतरवा, बिटलॉकर तात्पुरतं थांबवा, बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, आणि मग एका वेळी एकच सेटिंग बदला.

सिक्युअर बूट सरसकट बंद करायची तर गरजच नाही. उबुंटू आणि फेडोरा ही लिनक्स ते चालू असताना बूट होतात. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर टाकल्यावर पहिल्या रीस्टार्टला ‘मॉक मॅनेजमेंट’चा (मॉक म्हणजे मशीनच्या मालकाची किल्ली) निळा स्क्रीन येतो, तिथं घाईनं ‘कंटिन्यू बूट’ दाबू नका. ‘एनरोल मॉक’ निवडून ड्रायव्हर टाकताना ठरवलेला पासवर्ड द्या, नाहीतर ड्रायव्हर लोडच होत नाही.

आणखी काही, थोडक्यात. विंडोज यूईएफआय या नव्या बूट मोडमध्ये असेल तर लिनक्सही त्याच मोडमध्ये टाका, लेगसी या जुन्या मोडमध्ये नको. ब्लूटूथचा हेडफोन दर वेळी नव्यानं जोडावा लागतो कारण दोन्ही सिस्टिमच्या जोडणीच्या किल्ल्या वेगळ्या असतात, हेडफोन खराब नसतो. विंडोजच्या अपडेटनंतर लिनक्सचा मेनू गायब झाला तर लिनक्स पुन्हा टाकू नका. बायोसच्या बूट यादीत जाऊन उबुंटूची ओळ विंडोज बूट मॅनेजरच्या वर आणा, सेव्ह करा, बाहेर या.