कोपरखैरण्यात रात्रीची गस्त सुरू करण्याआधी

नवी मुंबईतल्या आपल्या कोपरखैरण्यात गणपतीत निम्मा सेक्टर गावी जातो, म्हणून रहिवाशांच्या गस्तीची जुळवाजुळव आषाढातच करावी. पहिली पायरी पोलीस ठाण्याची. वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे साधा अर्ज लिहावा. त्यात कोणत्या गल्ल्या, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत आणि कोण कोण फिरणार, त्यांचे मोबाइल नंबर. दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर शिक्का मारून पोच घ्यावी. आपल्या भागाचे बीट अंमलदार, म्हणजे या भागाची जबाबदारी असलेले पोलीस, कोण, हेही तिथेच विचारावं आणि पहिल्या बैठकीला त्यांना बोलवावं. बैठकीला नुसते कमिटीवाले नकोत. भाडेकरू, बायका, इस्त्रीवाला आणि वॉचमन हवेतच. गल्लीत दिवसभर काय चालतं ते या मंडळींना जास्त ठाऊक असतं.

मग रात्री रस्त्यावर कोण कोण असतं याची उजळणी करावी. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे. वाशीच्या मार्केटला जाणारे माथाडी अंधारातच घर सोडतात. दूधवाले, पेपरवाले, टीटीसी औद्योगिक पट्ट्यातून रात्रपाळी संपवून येणारे, कंपनीच्या कॅबमधून उतरणाऱ्या मुली, ही सगळी आपलीच माणसं. पोटापाण्यासाठी निघालेल्या माणसाला अडवून जाब विचारायचा हक्क गस्तीला नाही, हे सगळ्यांसमोर स्पष्ट बोलून घ्यावं.

सर्वात जास्त वेळ द्यावा तो एकाच प्रश्नाला: संशयित दिसला तर काय करायचं? उत्तर असं की लांबून बघायचं, कळवायचं, अंगाला हात लावायचा नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर असाच गेला. दोन्हीकडे आधी अफवा पसरली होती. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या कलम ४० नुसार डोळ्यांदेखत गंभीर, अजामीनपात्र आणि दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) गुन्हा घडला तर सामान्य माणूसही गुन्हेगाराला धरू शकतो, पण विनाकारण उशीर न करता, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावंच लागतं. मारहाणीची मुभा त्यात कुठेही नाही. म्हणून हातात काठी नको. टॉर्च, शिट्टी आणि अंधारात चमकणारं जॅकेट पुरे. एकट्याने कुणी फिरू नये. ओळखपत्र ठाण्याला विचारूनच छापावं, आणि त्यांनी सांगितल्याशिवाय त्यावर ‘पोलीस’ हा शब्द नको. व्हॉट्सॲप ग्रुपवर अनोळखी माणसाचा फोटो टाकायचा नाही, आलेला फॉरवर्ड बीट अंमलदारांना विचारल्याशिवाय पुढे ढकलायचा नाही. हे न पाळणाऱ्याला ग्रुपमधून काढावं, मग तो कितीही जवळचा असो.

११२ ला फोन करण्याची सवय सगळ्यांना हवी, बीट मार्शलचा, म्हणजे भागात गस्त घालणाऱ्या पोलिसाचा, खासगी नंबर त्यानंतर. सांगताना आधी ‘कोपरखैरणे’, मग सेक्टर, प्लॉट आणि शेजारची ठळक खूण. नुसतं ‘सेक्टर पाच’ म्हटलं तर गोंधळ ठरलेला. सेक्टर पाच नेरूळलाही आहे, वाशीलाही. हा पूर्ण पत्ता प्रत्येकाकडून एकदा मोठ्याने म्हणवून घ्यावा, घाबरल्यावर आपला पत्ताही आठवत नाही.

कॅमेरे आहेत एवढ्यावर समाधान मानू नये. रात्री मॉनिटरसमोर बसून प्रत्येक चित्र बघावं. लेन्सपुढे कोळ्याचं जाळं असलं की इन्फ्रारेडच्या उजेडात तेच पांढरंफटक चमकतं आणि मागचं फाटक दिसतच नाही. डीव्हीआरचं, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ बरोबर आहे का आणि रेकॉर्डिंग किती दिवस राहतं, तेही तपासावं. कॅमेऱ्याचं तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे असेल तर वळवावं. बंद दिव्यांच्या खांबांचे नंबर लिहून महापालिकेच्या विभाग कार्यालयात द्यावेत.

शेवटी बंद घरांची यादी. ती ग्रुपवर कधीच टाकू नये. एका वहीत, एकाच जबाबदार माणसाकडे ठेवावी आणि बीट अंमलदारांना दाखवावी. घराचा नंबर, जायची-यायची तारीख, गावचा फोन आणि चावी कोणाकडे, एवढं त्यात असावं. निघण्याआधी दूध आणि पेपर बंद करायला सांगावं, दागिने लॉकरमध्ये ठेवावेत, आणि परतल्यावर वहीतलं नाव खोडून घ्यावं.