संगीत विद्यालय चालवायला घेताना

गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते दरबाराच्या नव्हे, लोकांच्या आधारावर. म्हणून प्राचार्याने आधी फीचा हिशेब मांडावा: मानधन, भाडं, वाद्यदुरुस्ती. इमारत निधीचं खातं वेगळंच ठेवा. पलुस्करांची मुंबईतली वास्तू कर्जापायी लिलावात गेली; एवढ्या मोठ्या माणसावरही ही वेळ आली.

गायनाच्या तुकडीत 8 पेक्षा जास्त मुलं नकोत. गर्दीत बेसूर मूल दडून जातं आणि सहा महिन्यांनी दुरुस्ती अवघड होते. तंबोरे वर्गाआधी 15 मिनिटं लावून ठेवा. जवारी, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीचा घासून साधलेला पृष्ठभाग, बिघडली असेल तर खुंट्या पिळून काही होत नाही, कारागिराकडेच द्या. पावसाळ्यात तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, ओल धरते, स्वर उतरतो. तबले भिंतीला टेकवून ठेवू नका.

साथीला आठवड्यातून एकदा तरी तबलजी हवाच. नुसत्या इलेक्ट्रॉनिक तबल्यावर तयार झालेलं मूल परीक्षेत, तबलजीने ठेक्यात जरा जास्तीचे बोल भरले की, सम (तालाची पहिली मात्रा) चुकतं. पालकांच्या घाईने मध्यमा परीक्षेचा फॉर्म भरू नका; आधी विलंबित (संथ लयीतला) ख्याल न अडखळता गाऊन घ्या.

शिक्षकाच्या वर्गात बसायचं तर आदल्या दिवशी सांगा. सूचना मुलं गेल्यावर.