नेदवेदची मॅच कशी बघायची

माझ्याकडे बारा-तेरा वर्षांची पोरं फुटबॉल शिकायला येतात. मिडफिल्डला खेळायचं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आधी चेक मिडफिल्डर पावेल नेदवेदच्या जुन्या मॅच बघायला लावतो. हायलाइट्स नाही, पूर्ण मॅच. हायलाइट्समध्ये त्याची किक दिसते, पण त्याआधी तो कुठून पळत आला ते कापलेलं असतं. शिकायचं तेच आहे.

सुरुवात युरो 2004 (युरोपातल्या देशांची स्पर्धा) मधल्या चेक-नेदरलँड्स मॅचने करा. विसाव्या मिनिटाच्या आत चेक संघ दोन गोलांनी मागे पडला होता. कॉमेंट्रीचा आवाज बंद ठेवा, नाहीतर नजर बॉलमागेच जाते. वहीत मैदान आखा आणि पंधरा मिनिटं फक्त नेदवेदला धरून बसा. लांब सोनेरी केसांमुळे तो लगेच सापडतो. दर मिनिटाला तो असेल तिथे टिंब द्या. कॅमेऱ्याबाहेर गेला तर प्रश्नचिन्ह टाका आणि परत दिसला की मधलं अंतर मोजा. 71व्या मिनिटाचा गोल तीनदा बघा: त्याचा क्रॉस, उंचपुऱ्या कोलरने छातीवर घेऊन उतरवलेला बॉल, बारोशचा फटका. 88व्या मिनिटाला श्मित्सरने 3-2 केलं.

मग पाय बघा. तो डावीकडून खेळायचा, पण फटका दोन्ही पायांत होता. 1999 च्या कप विनर्स कप (युरोपातल्या क्लबांची एक स्पर्धा) फायनलमध्ये, मायोर्काविरुद्ध, गोलकडे पाठ असताना वळून त्याने त्याच्या तेव्हाच्या क्लबचा, लात्सिओचा, विजयी गोल मारला. त्यानंतर ती स्पर्धाच बंद झाली, म्हणून तिच्या इतिहासातला शेवटचा गोल त्याच्या नावावर आहे. हे बघून झालं की भिंतीपुढे सहा पावलांवर उभं राहा. वीस किक उजव्या पायाने, वीस डाव्या. डाव्याच्या चुकल्या तर डाव्याच्याच पुन्हा. लहानपणी मला हे कुणी सांगितलं नाही, त्यामुळे डावीकडे आलेला बॉल मी आयुष्यभर उजव्या पायावर ओढत राहिलो. म्हणून पोरांना रोज सांगतो.

14 मे 2003 ची चॅम्पियन्स लीगची युव्हेंटस-रेआल माद्रिद सेमीफायनल (तेव्हा तो युव्हेंटसचा) मात्र एकट्याने बघू नका, पोरांना शेजारी बसवा. झांब्रोत्ताच्या लांब पासवर धावत जाऊन तो तिसरा गोल करतो. थोड्याच वेळात, मैदानाच्या मध्यभागी, काही गरज नसताना रेआलच्या मॅकमॅनमनला पाडतो. पिवळं कार्ड, आणि स्पर्धेतली आधीची कार्डं धरून एका मॅचची बंदी, म्हणजे फायनल हुकली. तिथे मॅच थांबवा आणि पोरांना विचारा: इथे पाय घालायची गरज होती का? मग त्याचा चेहरा बघू द्या. युव्हेंटस ती फायनल मिलानकडून पेनल्टीवर हरली. त्याच वर्षी बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, त्याला मिळाला. चेक खेळाडूंत त्याआधी तो फक्त योसेफ मासोपुस्टला मिळाला होता, 1962 साली, आणि तोही मिडफिल्डरच.

शेवटी युरो 2004 ची ग्रीसविरुद्धची सेमीफायनल. गुडघा दुखावल्यामुळे तो हाफटाइमच्या आधीच बाहेर जातो. मॅच तिथे बंद करू नका. या मॅचमध्येही तो असेपर्यंत तशीच टिंबं द्या, मग ती समोर ठेवा आणि त्या जागांवर आता कोण येतं, कोण येत नाही, ते टिपत 105व्या मिनिटाच्या, ग्रीसच्या डेलासच्या हेडरपर्यंत बघा.